वय नेमकं कशाचं?

गेल्या अंकात या सदरात ओघाओघात लिहून गेले होते की कॅनडातला अकास्टा नाइस हा खडक ४०३ कोटी वर्षांचा आहे. झालं! त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. काही कुतूहलाची, काही खोचक, आणि एकात तर थेट विचारलंय, ‘बाई, तुम्ही तिथे होतात का?’ नव्हते. पण माझी उभी नोकरी खडकांची वयं काढणाऱ्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे या पत्रांना उत्तर देण्याचा थोडाफार हक्क पोचतो. सगळीच पत्रं घेता येणार नाहीत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : खडकावर तारीख कोरलेली नसते. मग ४०३ कोटी हा आकडा आला कुठून? अंदाजालाच आकड्याचा पोशाख चढवलेला नाही ना? (एक निवृत्त लेखापाल)

लेखापालांनी विचारलंय, तर हिशेबच मांडते.

शिलारस थंड होऊन ग्रॅनाइटसारखा खडक बनतो तेव्हा त्यात झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक स्फटिक तयार होतात. दाणा जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. या स्फटिकाची एक खोड आमच्या फार कामाची आहे. वाढताना तो झिर्कोनियमच्या जागी थोडं युरेनियम सामावून घेतो, पण शिशाला जवळपास थारा देत नाही. शिशाचा अणू त्या जाळीत बसतच नाही. म्हणजे सुरुवातीला खात्यात युरेनियम जमा, शिसं जवळजवळ शून्य. पुढे युरेनियम-२३८ चे अणू फुटत फुटत शेवटी शिसे-२०६ बनतात. असलेल्यांपैकी निम्मे अणू फुटायला ४४६.८ कोटी वर्षं लागतात. हे कळायला तेवढी वर्षं कुणी थांबलेलं नाही. एक ग्रॅम युरेनियम-२३८ घेतलं तर त्यात सेकंदाला सुमारे १२,४०० अणू फुटतात, ते मोजायचे आणि भागाकार करायचा.

आता समजा, दाण्यात आज युरेनियम-२३८ च्या दर १०० अणूंमागे शिसे-२०६ चे १० अणू सापडले. गणित सांगतं, दाणा साधारण ६१ कोटी वर्षांपूर्वीचा. इथेच थांबलो असतो तर तुमची शंका रास्त होती. पण त्याच दाण्यात युरेनियमचा दुसरा समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू असतो, युरेनियम-२३५. तो बराच घाईत फुटतो, ७० कोटी ४० लाख वर्षांत निम्मा, आणि त्याचं बनतं शिसे-२०७. दाणा खरोखर ६१ कोटी वर्षांचा असेल, तर युरेनियम-२३५ च्या दर १०० उरलेल्या अणूंमागे शिसे-२०७ चे ८३ च्या आसपास अणू दिसले पाहिजेत. एकाच धंद्याच्या दोन वह्या, दोन वेगळ्या कारकुनांनी लिहिलेल्या, आणि अखेरची शिल्लक जुळते की नाही ते बघायचं. मधल्या काळात दाणा तापला, त्यातून शिसं गळालं, तर वह्या जुळत नाहीत. त्यांचं न जुळणं लगेच उघडं पडतं, इतकंच नाही, तर किती गळालं आणि साधारण केव्हा, याचाही माग अनेकदा लागतो. त्यासाठीचा आलेख जॉर्ज वेदरिल यांनी १९५६ साली मांडला आणि आम्ही आजही तोच काढतो.

प्रत्यक्षात कामाला दगडफोडीपासून सुरुवात होते. काही किलो खडक फोडायचा, दळायचा, चाळायचा. पाण्याच्या हलत्या फळीवरून हलके दाणे वाहून जाऊ द्यायचे. उरलेले जड द्रवात टाकायचे; क्वार्ट्झ, फेल्डस्पार तरंगतात, झिरकॉन तळाला जातो. मग चुंबकाखालून काढून लोहयुक्त दाणे वेगळे करायचे. शेवटी चिमूटभर पूड उरते, ती सूक्ष्मदर्शकाखाली पसरून सुईच्या टोकाने एकेक दाणा निवडायचा. भेगाळलेला नको, गढूळ नको. यात मान धरते आणि कुणी दार जोरात उघडलं तर तोंडून जे शब्द येतात ते या मासिकात छापता येणार नाहीत. निवडलेले दाणे रेझिनमध्ये बसवून अर्धे घासायचे, म्हणजे पोट उघडं पडतं. त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला की दाणा उजळतो आणि वाढीचे पट्टे दिसतात. कितीतरी दाण्यांत मधला गाभा एका काळातला आणि कडेचं कवच दुसऱ्याच काळातलं असतं. अख्खा दाणा विरघळवून एकच आकडा काढला, तर दोहोंच्या मधलं भलतंच वय हाती येईल. म्हणून अशा दाण्यात मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा ठिपका नेमून तेवढ्याच जागचं युरेनियम आणि शिसं मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने मोजतात.

अकास्टाचे ४०३ कोटी असे निघाले. तो मूळ शिलारस गोठल्याचा काळ आहे. खडकाला आजचं पट्टेदार रूप नंतरच्या दाबाने आणि उष्णतेने आलं.

प्रश्न : लाव्ह्यातले अणू तर ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या कितीतरी आधीपासून असतात. मग लाव्हा गोठला त्या दिवसापासूनचं वय कसं निघतं? अणूंचं वय का निघत नाही? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

या ढिगातला हा सगळ्यात मर्माचा प्रश्न. खडकातलं युरेनियम, पोटॅशियम पृथ्वी बनण्याआधीच ताऱ्यांमध्ये घडलेलं आहे. पण आम्ही त्या अणूंचं वय काढतच नाही. त्यांच्यापासून बनलेला पदार्थ केव्हापासून साठू लागला, ते काढतो.

लाव्ह्यासाठी पोटॅशियम-४० बरं पडतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षं. फुटणाऱ्या दर १०० अणूंपैकी ११ च्या आसपास आर्गॉन-४० बनतात, बाकीचे कॅल्शियम. आर्गॉन हा कुणाशीच नातं न जोडणारा वायू. खडक वितळलेला असेपर्यंत तो सुटून जातो. स्फटिक घट्ट झाला की नव्याने बनलेला आर्गॉन जाळीत अडकून पडतो. म्हणजे वितळल्यावर मोजणी पुन्हा शून्यावर येते.

आता यातली खुबी बघा. आर्गॉन किंवा शिसं अडकून राहायला लागण्याचं तापमान प्रत्येक खनिजाचं वेगळं. झिरकॉनमधलं शिसं ९०० अंशांच्या वरही जागचं फारसं हलत नाही. हॉर्नब्लेंडमधला आर्गॉन सुमारे ५०० अंशांखाली अडकतो, काळ्या अभ्रकातला ३०० च्या आसपास. त्यामुळे खोलवर सावकाश निवलेल्या एकाच ग्रॅनाइटच्या तुकड्यातून तीन खनिजं तीन वयं देतात. वर्तमानपत्रवाले लगेच ‘शास्त्रज्ञांत मतभेद’ म्हणून मोकळे होतात. मतभेद कसले? तिन्ही बरोबर आहेत. पहिलं स्फटिक बनल्याचं, दुसरं ५०० अंशांवर आल्याचं, तिसरं ३०० अंशांवर आल्याचं. त्यांच्यातल्या फरकावरून खडक किती वेगाने थंड झाला ते कळतं, आणि त्यावरून वरचा डोंगर किती झपाट्याने झिजत गेला याचाही अंदाज बांधता येतो. कुणी मला ‘या खडकाचं वय किती’ असं विचारलं की मी उलट विचारते, ‘वय नेमकं कशाचं?’ याने लोक चिडतात, पण माझा नाइलाज आहे.

ही पद्धत तारीख माहीत असलेल्या उद्रेकावर तपासून पाहिली का, हेही तुम्ही पुढे विचारलंय. पाहिली. व्हेसुव्हियसचा पाँपेई गाडणारा उद्रेक इसवी सन ७९ चा. त्यातल्या सॅनिडीन या पोटॅशियमयुक्त खनिजाच्या स्फटिकांवर केलेलं काम १९९७ साली प्रसिद्ध झालं. उत्तर आलं १,९२५ वर्षं, ९४ वर्षं इकडेतिकडे. खरा काळ होता १,९१८ वर्षं. १२५ कोटी वर्षं अर्धायुष्य असलेल्या पदार्थाने दोन हजार वर्षांच्या आतली गोष्ट इतकी नेमकी सांगावी, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

फसगतीचं उदाहरण हवायातलं. तिथल्या हुआलालाई ज्वालामुखीतून १८०१ साली आलेल्या लाव्ह्यात खोलवरून ओढले गेलेले दगडाचे तुकडे अडकले होते. त्यांचं पोटॅशियम-आर्गॉन वय काढल्यावर १६ कोटींपासून ३०० कोटी वर्षांपर्यंत आकडे आले. पद्धतच खोटी आहे, असं सांगायला हे उदाहरण हमखास पुढे केलं जातं. पण ते तुकडे लाव्ह्याचे नव्हतेच. लाव्ह्यात वितळले नाहीत, आणि त्यांच्या स्फटिकांतल्या सूक्ष्म बुडबुड्यांत जुना आर्गॉन कोंडलेला होता. आर्गॉन कुठे दडतो, हे शोधण्यासाठीच तर त्या संशोधकांनी ते तुकडे मोजले होते! आजच्या आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात आणि प्रत्येक टप्प्याला निघणारा वायू वेगळा मोजतात. आगंतुक आर्गॉन असला तर टप्प्याटप्प्यांची वयं एकमेकांशी पटत नाहीत. व्हेसुव्हियसच्या स्फटिकांतही थोडा होता, तो हिशेबातून वेगळा काढावा लागला.

प्रश्न : डायनोसॉरच्या हाडांचं कार्बन डेटिंग करतात ना? (पुष्कळ वाचक)

नाही. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. पन्नासेक हजार वर्षांनी मोजण्याजोगं काही उरत नाही. शेवटचे डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी गेले, म्हणजे साडेअकरा हजार अर्धायुष्यं उलटली. शिवाय कार्बन-१४ एके काळी जिवंत असलेल्या गोष्टींसाठी. ग्रॅनाइटला त्याचा काय उपयोग? हा गैरसमज मी इतक्या वेळा खोडून काढलाय की आता सवयीने उत्तर देते. पुढचा प्रश्न.

प्रश्न : खडकाचं वय जीवाश्मावरून ठरवता आणि जीवाश्माचं वय खडकावरून. हे गोल गोल फिरणं झालं. (शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई)

वरवर तसं दिसतं खरं. पण यात दोन कामं आहेत, क्रम लावणं आणि वर्षं मोजणं, आणि ती दोन स्वतंत्र वाटांनी होतात.

क्रमाचं तत्त्व निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्येच सांगून ठेवलं होतं : गाळाचे थर आडवे साचतात, आणि उलथापालथ झाली नसेल तर खालचा थर आधीचा. पुढे इंग्लंडात विल्यम स्मिथ कालव्यांसाठी जमिनीची मोजणी करत हिंडत होते. त्यांच्या ध्यानात आलं की खालून वर जाताना जीवाश्मांच्या जाती एका ठरावीक क्रमाने बदलतात आणि कोसन् कोस दूर गेलं तरी तो क्रम मोडत नाही. त्यांनी १८१५ साली नकाशा छापला तेव्हा उत्क्रांतीचा सिद्धान्त यायचा होता, किरणोत्सर्ग तर कुणाच्या स्वप्नातही नव्हता. क्रम लावायला वर्षांची गरजच पडली नाही. कुठला थर किती कोटी वर्षांचा, हे स्मिथना ठाऊक नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून अडलंही नाही.

वर्षं नंतर आली, आणि ती बहुधा राखेतून आली. वाळूखडकातले झिरकॉन मोजून वाळूखडकाचं वय कळत नाही, कारण ते दाणे कुठल्यातरी जुन्या डोंगरातून झिजून आलेले असतात. फार तर इतकंच म्हणता येतं की हा थर त्यातल्या सर्वांत तरुण दाण्याहून जुना नाही. पण गाळ साचताना मध्येच दूरच्या ज्वालामुखीची राख येऊन बसली, तर त्या राखेतले झिरकॉन नुकतेच बनलेले असतात. जीवाश्माच्या खाली एक राखेचा थर, वर एक, की काम झालं.

याचं माझं लाडकं उदाहरण चीनमधलं मेइशान. पर्मियन कालखंडाच्या अखेरीला समुद्रातल्या बहुसंख्य जाती नाहीशा झाल्या. तो काळ ज्या थरांत जपला गेलाय, त्या प्रत्येक थराला तिथे क्रमांक आहे. २५ क्रमांकाची राख २५ कोटी १९ लाख ४१ हजार वर्षांपूर्वीची, २८ क्रमांकाची २५ कोटी १८ लाख ८० हजार वर्षांपूर्वीची. दोन्हींत तीस-चाळीस हजार वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. विनाशाचा मुख्य भाग या दोन राखांच्या मध्ये आटोपला. म्हणजे २५ कोटी वर्षांपूर्वीची घटना साधारण साठ हजार वर्षांत उरकली, हे आपल्याला सांगता येतं. ट्रायासिक कालखंडाची अधिकृत सुरुवात तिथल्याच २७ क्रमांकाच्या थरात, कोनोडाँट नावाच्या एका चिमुकल्या समुद्री जीवाच्या पहिल्या दर्शनापाशी मानली जाते. क्रम जीवाश्मांनी लावला, वर्षं झिरकॉनने दिली. बाई, वर्तुळ यात कुठेच नाही. पण मुलांनी हा प्रश्न विचारला तर रागावू नका. चांगला प्रश्न आहे.

प्रश्न : किरणोत्सर्गाचा शोध लागण्याआधी पृथ्वीच्या वयाबद्दल काय समज होता? लॉर्ड केल्विन चुकले असं वाचलं, ते कसे? (एक वाचक)

जेम्स हटन १७८८ साली दोन मित्रांसह होडीतून स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला गेले. तिथे किनाऱ्यावर करड्या खडकाचे थर जवळजवळ उभे आहेत आणि त्यांच्या कापलेल्या माथ्यांवर तांबड्या वाळूखडकाचे थर मंद उतारावर पहुडलेत. याचा अर्थ लावा. आधी समुद्रतळाशी गाळ साचला. तो दबून खडक झाला. दुमडून उभा राहिला, पाण्याबाहेर आला, झिजून सपाट झाला. त्यानंतर त्यावर नवा गाळ साचला, त्याचाही खडक झाला, आणि मग तोही उचलला गेला. दोन थरांच्या मधल्या त्या रेघेत किती काळ गेला, हे हटनना सांगता येत नव्हतं. अफाट गेला, एवढं मात्र दिसत होतं. आज आपण ती फट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास धरतो.

केल्विन यांना असं मोघम बोलणं मानवलं नाही. पृथ्वी तप्त गोळा होती आणि तेव्हापासून थंड होत आहे असं धरून त्यांनी १८६२ साली उष्णतेचं गणित मांडलं. उत्तर दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षं. पुढे ते आणखी आवळत १८९७ पर्यंत दोन ते चार कोटींवर आणलं. भूवैज्ञानिक नाराज होते, पण गणितापुढे बोलणार काय?

पुस्तकांत पुढची गोष्ट अशी सांगतात : किरणोत्सर्ग सापडला, पृथ्वीच्या पोटात उष्णतेचा स्रोत असल्याचं कळलं आणि केल्विन उताणे पडले. गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणून टिकली. पण ती उष्णता केल्विनच्या गणितात घातली तरी उत्तर फारसं हलत नाही. खरी मेख जॉन पेरी यांनी किरणोत्सर्गाच्या आधीच, १८९५ साली दाखवली होती. ते केल्विनचेच जुने साहाय्यक. त्यांचं म्हणणं असं की पोटातली उष्णता नुसती घन दगडातून झिरपत नसेल, आतला भाग सावकाश वाहत, ढवळत असेल, तर पृष्ठभागाजवळ ऊब कितीतरी जास्त काळ टिकेल आणि वय दोन-तीनशे कोटी वर्षांपर्यंत सहज जाईल. केल्विनची आकडेमोड चोख होती, गृहीतक फसलं होतं. पेरींकडे त्या वेळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

त्यानंतर भराभर गोष्टी घडल्या. बर्ट्रम बोल्टवुड यांनी १९०७ साली युरेनियमच्या खनिजांतलं शिसं मोजून काही खनिजं दोनशे कोटी वर्षांच्याही पुढची ठरवली. आर्थर होम्स यांनी १९११ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, नॉर्वेतल्या डेव्होनियन कालखंडातल्या खडकाचं वय ३७ कोटी वर्षं काढलं. समस्थानिक म्हणजे काय, हेही तेव्हा माहीत नव्हतं. तरी तो आकडा आजच्या डेव्होनियनच्या मर्यादेत बसतो.

प्रश्न : अणू फुटण्याचा वेग पूर्वीही हाच होता, हे कशावरून? सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. (दोन-तीन वाचक, कमीअधिक तिखट शब्दांत)

उभा आहेच, आणि म्हणूनच तो वेगवेगळ्या बाजूंनी हलवून पाहिलेला आहे.

पहिला साक्षीदार प्रवाळ. काही प्रवाळ रोज एक बारीक रेघ वाढवतात, आणि ऋतूंमुळे वर्षाचे पट्टेही पडतात. जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या प्रवाळांच्या जीवाश्मांवर एका वर्षाच्या रेघा मोजल्या आणि १९६३ साली आकडा जाहीर केला : सुमारे ४००. आता हे दुसऱ्या वाटेने काढू. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं मंदावतं आणि दिवस शंभर वर्षांत सुमारे २ मिलिसेकंदांनी लांबतो. किरणोत्साराने काढलेलं त्या खडकांचं वय धरू ३८ कोटी वर्षं, म्हणजे ३८ लाख शतकं. गुणाकार करा : ७,६०० सेकंद, दोन तासांहून थोडं जास्त. तेव्हा दिवस सुमारे २१.९ तासांचा होता. वर्षाच्या ८,७६६ तासांना २१.९ ने भागा. ४००. भरतीच्या या हिशेबात युरेनियमचा किंवा पोटॅशियमचा काडीचाही संबंध नाही. घर्षणाचा वेग सगळ्या काळात तंतोतंत सारखा नव्हता, त्यामुळे इतक्या चपखल जुळण्यात थोडा योगायोगही आहे. पण वेग दहापटीने वगैरे बदलला असता तर आकडे जवळपासही आले नसते.

दुसरा साक्षीदार आकाशात. १९८७ साली दिसलेला महास्फोट, ‘१९८७-ए’ हा अतिनवतारा, १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांच्या आसपास दूर आहे. त्याची मंदावत जाणारी चमक कोबाल्ट-५६ च्या ७७ दिवसांच्या अर्धायुष्याबरहुकूम उतरत गेली. तो प्रकाश तिथून निघाला तेव्हाही कोबाल्ट आजच्याच वेगाने फुटत होतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात आम्हीच तोंडघशी पडलो होतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शेवटचं उलटलं ते ७ लाख ३० हजार वर्षांपूर्वी, असं पोटॅशियम-आर्गॉन पद्धत सांगत होती. निक शॅकल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रतळाच्या गाळातल्या हवामानाच्या लयी पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांशी ताडून पाहिल्या आणि १९९० साली म्हटलं, तुमचा आकडा कमी आहे, तो ७ लाख ८० हजार असला पाहिजे. खगोलाच्या गणिताने किरणोत्साराच्या पद्धतीला चूक दाखवली होती. मग अधिक काटेकोर आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने नव्याने मोजणी झाली. उत्तर ७ लाख ८० हजारांच्याच आसपास आलं. वेगात खोट नव्हती, जुन्या नमुन्यांतून थोडा आर्गॉन निसटला होता. आता ती तारीख आणखी सुधारून ७ लाख ७३ हजारांच्या जवळ आली आहे.

प्रश्न : पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची आणि सर्वांत जुना खडक ४०३ कोटींचा. मधल्या पन्नास कोटींचा पुरावा काय? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वाचक)

पृथ्वीवरचा पुरावा तुटपुंजा आहे. सुरुवातीचं कवच वितळलं, आदळलं, पुन्हा पोटात गेलं. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉनचे सुटे दाणे सापडतात, त्यातला एक ४४० कोटी वर्षांचा. ज्या खडकातून तो आला तो खडक केव्हाच नाहीसा झालाय. त्या दाण्यांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून तेव्हाही पृथ्वीवर पाणी असावं, असं पुष्कळांना वाटतं.

त्यामुळे पृथ्वीचं वय उल्कांवरून काढावं लागलं. ॲरिझोनात मोठं विवर पाडणारी कॅन्यन डायाब्लो ही लोखंडी उल्का. तिच्यातल्या ट्रॉइलाइट या खनिजात युरेनियम जवळजवळ नाही. साहजिकच त्यातलं शिसं सूर्यमाला बनली तेव्हा होतं तसंच राहिलं. सुरुवातीचं शिसं कसं होतं ते एकदा कळलं की इतर उल्कांमध्ये नंतर किती भर पडली, हे वजाबाकीने निघतं. क्लेअर पॅटरसन यांनी ते काम केलं आणि १९५६ साली ४५५ कोटी वर्षं, ७ कोटी इकडेतिकडे, हा आकडा छापला. पृथ्वीच्या समुद्रातल्या गाळाचं शिसंही त्याच रेषेवर बसतं, हे त्यांनी दाखवलं. तुम्ही लिहिलेला ४५४ त्याच मर्यादेत येतो. परीक्षेत तोच लिहा. सूर्यमालेतले सर्वांत जुने घन कण ४५६.७ कोटी वर्षांचे निघाले आहेत. पृथ्वी त्यांच्यानंतर काही कोटी वर्षांत जमत गेली, त्यामुळे तिच्या जन्माची एकच तारीख मागण्यात तसा अर्थ नाही.

पॅटरसन यांचं काम रखडलं होतं ते शिशाच्या प्रदूषणामुळे. नमुन्यात असायला हवं त्याहून कितीतरी जास्त शिसं दर वेळी सापडायचं. हवेतून, धुळीतून, भांड्यांतून, स्वतःच्या केसांतून. त्यांनी प्रयोगशाळा घासून-पुसून, हवा गाळून अशी स्वच्छ केली की आमच्या धंद्यात तो शिरस्ताच पडला. मग त्यांच्या मनात आलं, की हे एवढं शिसं हवेत आलं कुठून? मुख्यतः पेट्रोलमधून. पुढची कित्येक वर्षं ते शिसेयुक्त पेट्रोलविरुद्ध लढले, त्या उद्योगाचा रोष ओढवून घेतला आणि अखेर ते पेट्रोल बंद होताना पाहिलं. पृथ्वीचं वय काढणारा माणूस म्हणून ते प्रसिद्ध आहेत. मला विचाराल तर त्यांचं दुसरं काम अधिक मोठं आहे.

प्रश्न : मला नदीत एक गुळगुळीत, चमचम करणारा दगड मिळाला. फोटो पाठवत आहे. त्याचं वय सांगाल का? (इयत्ता सहावीतला वाचक)

फोटोवरून वय सांगता येत नाही रे. पण दगड छान आहे. तो वाळूखडकाचा दिसतोय आणि चमकतोय तो बहुधा अभ्रक. बघ, यात किती वयं असतील : वाळूचे दाणे ज्या खडकात पहिल्यांदा बनले ते एक, ती वाळू साचून दगड झाली ते दुसरं, आणि दगड नदीत घरंगळत गुळगुळीत झाला ते तिसरं. जॅक हिल्सचा तो ४४० कोटी वर्षांचा दाणा ज्या खडकात सापडला, तो खडक स्वतः ३०० कोटी वर्षांच्या आसपासचा आहे.

नदीतल्या सुट्या दगडाची एक अडचण असते, तो कुठून वाहत आला ते कळत नाही. पुढच्या वेळी मोठ्या माणसांना बरोबर घेऊन नदीच्या वरच्या अंगाला जा आणि तसाच खडक काठावर जागच्या जागी उघडा पडलेला सापडतो का बघ. सापडला तर तुकडा घेण्याआधी फोटो काढ. खाली कुठला थर आहे, वर कुठला आहे, ते वहीत लिही. आणि तुकड्यावर, वरची बाजू कुठली ते दाखवणारा बाण काढ. पेन्सिलीने नको, पुसून जातो. मार्कर घे.